आवडता व्हिडिओ गेम सांगा ('लहानपण आठवतं' हे कारण चालणार नाही)

पेठेतला झोपाळू

परवा भाच्यानं विचारलं, "मामा, तुझा सगळ्यात आवडता गेम कुठला?" मी म्हटलं, 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. "का?" मग मी सुरू झालो. मे महिन्याची सुट्टी, काकांच्या ऑफिसातला कॉम्प्युटर, रविवारी वॉचमनकडून किल्ली मागून घ्यायची, फ्लॉपीची ती खर्रखर्र... पोरगं शांतपणे ऐकत होतं. शेवटी म्हणालं, "हे सगळं तुझ्याबद्दल झालं. गेममध्ये काय होतं?"

चांगलीच जिरली. म्हणून हा धागा. आवडता गेम सांगा आणि का आवडतो तेही सांगा. मोबाईल, कॉम्प्युटर, टीव्ही, कशावरचाही चालेल. फक्त 'बालपणीच्या रम्य आठवणी' हे कारण बाद. तेव्हा दर गुरुवारी लाइट जायचे तेही आता रम्यच वाटतं, त्यामुळे तो पुरावा धरता येत नाही.

माझ्यापासून सुरुवात. 'प्रिन्स' १९८९ चा. जॉर्डन मेकनरनं ॲपल टू या तेव्हाही जुन्या झालेल्या मशीनवर तो जवळजवळ एकट्यानं केला. धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावलं, त्याचं शूटिंग केलं आणि एकेक चित्र त्यावरून गिरवलं. म्हणून तो राजपुत्र माणसासारखा पळतो. बटण सोडलं की जागेवर थांबत नाही, दोन पावलं पुढे जाऊन सावरतो. म्हणजे उडी मारायची की नाही हे आधी ठरवायला लागतं. कडेवर पोचून विचार करत बसणाऱ्यासाठी खाली सुळे तयार. सगळ्या गेमला मिळून ६० मिनिटं, आणि तुम्ही मेलात तरी घड्याळ थांबत नाही.

पण माझं खरं कारण वेगळं आहे. चौथ्या लेव्हलला वाटेत एक आरसा उभा राहतो. त्यातून धावत उडी मारावी लागते. उडी मारली की दुसऱ्या बाजूनं तुमची सावली सुटते आणि पळून जाते. पुढे ती तुमचं औषध पिऊन टाकते, तुमच्या तोंडावर दार बंद करते. बाराव्या लेव्हलला ती तलवार काढून समोर उभी. तुम्ही वार केलात की तुमचाच जीव कमी होतो. तिला मारलंत की तुम्हीही मेलात. मी कित्येक वेळा मेलो. एकदा वैतागून खालचं बटण दाबलं आणि तलवार म्यान झाली. सावलीनंही तलवार म्यान केली. चालत गेलो, ती माझ्यात मिसळली, आणि पुढे जिथे पोकळी होती तिथे पाय टाकला तर जमीन उमटत गेली.

हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. कोणी सांगितलंही नव्हतं. आणि गंमत म्हणजे ही सावली आली ती नाइलाजानं. मशीनच्या मेमरीत नवा शत्रू काढायला जागाच उरली नव्हती, म्हणून राजपुत्राचीच चित्रं थोडी सरकवून आणि उलटसुलट करून ती बनवली.

चला, आता तुमची पाळी.

चहाबाज

मुस्तफा.

पेठेतला झोपाळू

@चहाबाज, का ते पण लिहा की राव.

चहाबाज

मुस्तफाला कारण लागतं होय?

बरं, लिहितो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉमचा, १९९३ चा. हे नाव मला वयाच्या तिसाव्या वर्षी कळलं. व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये त्याला सगळे मुस्तफाच म्हणायचे, कारण चारांतल्या पिवळ्या टोपीवाल्याचं नाव मुस्तफा होतं आणि आपल्याला उच्चारता येण्यासारखं तेवढंच एक नाव स्क्रीनवर होतं. मालकही विचारायचा, "मुस्तफा का फायटर?"

आता गेमबद्दल. चार माणसं आणि चौघांचा हात वेगळा. मुस्तफा सगळ्यात चपळ, मेस म्हणजे रेडा, हॅनाच्या हातात शस्त्र चांगलं चालतं, जॅक सगळ्यात मधला. पळत येऊन लाथ घातली की तीन-चार जण आडवे. पण मला खरं आवडतं ते यातलं डायनोसॉरचं वागणं. ते मुळात तुमचे शत्रू नाहीत. कुणी मारलं तर चिडतात आणि चिडले की समोर दिसेल त्याला चावतात, गुंडांनासुद्धा. त्यामुळे शहाणा खेळाडू डायनोसॉरच्या वाटेला जात नाही, बाजूला सरकतो आणि गुंडांना त्याच्या तोंडी देतो. इतक्या आरडाओरड्याच्या गेममध्ये हे एवढं शांत डोकं! तिसऱ्या स्टेजला गाडी मिळते आणि मग गुंडांच्या अंगावरून घालायची. तिथे तत्त्वज्ञान संपतं.

आणि एक. हा गेम नाणं गिळायलाच बनवला होता. मेलात की स्क्रीनवर उलटे आकडे सुरू आणि तुमचा हात खिशात. तरीही एका रुपयात शेवटपर्यंत जाणारा एक मुलगा आमच्या भागात होता. मालक त्याला आत घेत नसे.

निवांत

वाचतोय. चहाबाज, 'पार्लर', 'मालक', 'आमच्या भागात' हे सगळं नियमात बसतं का? :-)

चहाबाज

डायनोसॉरचा मुद्दा बसतो. बाकीची जकात भरतो.

फडताळ

मी इथे फारशी लिहीत नाही, पण विषय पाहून राहवलं नाही. वय ६८, बँकेतून निवृत्त. माझा आवडता गेम फ्रीसेल, कॉम्प्युटरवरचा पत्त्यांचा डाव. हसू नका.

आमच्या शाखेत कॉम्प्युटर आले तेव्हा सॉलिटेअर सगळेच खेळायचे. मला तो कधी आवडला नाही. त्यात सुरुवातीला बहुतेक पत्ते पालथे, म्हणजे बराचसा नशिबाचा कारभार. फ्रीसेलमध्ये बावन्नच्या बावन्न पत्ते सुरुवातीपासून सुलटे, आठ ओळींत मांडलेले. चार रिकामी घरं हाताशी. जे काही आहे ते डोळ्यांसमोर आहे. अडकलात तर चूक तुमची, कुणाकडे बोट दाखवायला जागा नाही. बँकेत संध्याकाळी कॅश टॅली होत नसे तेव्हा असंच असायचं. नोट कुठेतरी समोरच असते, आपल्याला दिसत नसते.

विंडोज ९५ वर जो फ्रीसेल होता त्यात प्रत्येक डावाला नंबर असायचा, १ ते ३२०००. त्याच नंबरचा डाव कुणीही, कुठेही मांडला तरी पत्ते तेच. १९९४-९५ मध्ये इंटरनेटवरच्या शंभरावर लोकांनी हे सगळे डाव वाटून घेतले आणि सोडवून काढले. एक सोडून सगळे सुटले. तो एक म्हणजे ११९८२. पुढे कॉम्प्युटरनं सगळ्या वाटा तपासून पाहिल्या, तरी नाही सुटला.

मी तो महिन्यातून एकदा मांडते. सुटणार नाही हे ठाऊक आहे. पण बाकीच्या ३१,९९९ डावांत हरले तर माझं चुकलं. या एकात माझं काही चुकत नाही. त्या दिवशी कॉम्प्युटर बंद करून उठताना बरं वाटतं.

तिखटजाळ

फडताळ काकू, दंडवत घ्या. आत्ताच ११९८२ मांडला. वीस मिनिटांत तिन्ही दुर्री मोकळ्या झाल्या, वाटलं आता इतिहास घडवणार. मग चारही घरं भरली आणि इस्पिकचा एक्का तळाशी बसून माझ्याकडे बघत राहिला.

फडताळ

@तिखटजाळ, तिथपर्यंत सगळेच पोचतात. :-)

हिशेबनीस

धागा वाचून वाईट वाटलं. ज्येष्ठांनीही यात वेळ घालवावा? तेवढ्यात चार पानं वाचून होतात.

फडताळ

वाचून झाली की खेळते.

हिंजवडीचा पाहुणा

'स्टार्ड्यू व्हॅली'. २०१६ चा. एरिक बरोन या एकट्या माणसानं साडेचार वर्षं बसून कोड, चित्रं, संगीत सगळं स्वतः केलं. तुम्ही शहरातली नोकरी सोडून आजोबांच्या शेतावर जाता. बस, एवढंच. नांगरा, पेरा, पाणी घाला, गावातल्या लोकांशी बोला. मी रोज वाकड पुलापाशी ४० मिनिटं उभा असतो, घरी येतो आणि गेममधल्या पार्सनिपला (गाजरासारखं एक कंदमूळ) पाणी घालतो. बायको म्हणते खऱ्या कुंड्या कोरड्या पडल्यात. ते खरं आहे.

काळी माती

@पाहुणा, माझं माहेर जुन्नरकडचं, शेती आजही आहे. लॉकडाऊनमध्ये मीही हा गेम घेतला होता. भावाला दाखवला. तो दहा मिनिटं बघत बसला आणि मग हसत सुटला. त्याचे आक्षेप जसेच्या तसे :

"टीव्हीवर सांगतात उद्या पाऊस, आणि उद्या पाऊस येतोच?" येतो. या गेममध्ये हवामानाचा अंदाज कधी चुकत नाही.

"माल विकायला कुठे नेतात?" कुठे नाही. घराशेजारी एक लाकडी पेटी आहे, त्यात टाकायचा. सकाळी पैसे जमा.

"सगळ्यांनी एकदम टोमॅटो लावला तर?" तरी भाव तोच.

"आडत? हमाली? तोलाई?" नाही, नाही, नाही.

भाऊ म्हणाला, "मग यात भुताखेताची गोष्ट कशाला घातली, एवढं पुरेसं होतं." (यात खाणीत राक्षस वगैरे पण आहेत.)

पण मला आवडला तो आवडलाच. ऋतू बरोबर २८ दिवसांचा. शेवटच्या दिवशी पीक उभं असलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं वाळून गेलेलं. म्हणजे २० तारखेला बी घ्यावं की नाही हा हिशेब बसून करायलाच लागतो. तेवढा एक हिशेब मात्र भावाला पटला. आता तो ऊस येत नाही म्हणून तक्रार करतो.

पेठेतला झोपाळू

काळी माती, हा प्रतिसाद मी भाच्याला वाचून दाखवला. असं कारण हवं होतं मला.

चहाबाज

स्टार्ड्यूमधलं किराणा दुकान बुधवारी बंद असतं. माझा एक बंगळूरचा मित्र या गोष्टीवर चिडला होता. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. पाटी नव्हती एवढंच खटकलं.

कोथरूडची कावळी

माझा 'डक हंट'. तो १९८४ चा निन्टेन्डोचा. आपल्याकडे अर्थातच नकली मशीनवर. तपकीर गल्लीतल्या एका दुकानातून बाबांनी टीव्ही गेम आणला, सोबत पिवळी कॅसेट, वर छापलेलं '९९९९ इन १'. घरी मोजले तर सतरा गेम, बाकी तेच उलटसुलट नंबरनं. दुकानदाराला सांगायला गेलो तर म्हणाला, "सगळे खेळून बघितले का?"

तर डक हंट. बंदूक टीव्हीकडे धरायची, बदक उडतं, घोडा ओढायचा. नेम चुकला की गवतातून कुत्रा वर येतो आणि तोंडावर पंजा धरून हसतो. त्या कुत्र्याला गोळी मारता येत नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला.

का आवडतो? कारण मी भयंकर वाईट नेमबाज होते. आत्तेभाऊ खेळायला बसला की पटापट बदकं पाडायचा. माझी पाळी आली की बदक ऐनवेळी झटका मारून वर जायचं. तो शेजारी दुसरा रिमोट घेऊन नुसता बसलेला असायचा, "नीट धर ना, हात हलतोय तुझा." म्हणून मी चिकाटीनं खेळत राहिले. पाडायचंच म्हणून.

प्रश्न : परवा माळा आवरताना तो सगळा संच सापडला. अडॅप्टरसकट चालू आहे! नव्या ४३ इंची टीव्हीला लावला, चित्र येतं, त्यातला दुसरा गेम कॉन्ट्रा चालतो, पण बंदूक काही केल्या लागत नाही. बंदूक गेली का?

निवांत

@कावळी, बंदूक गेलेली नसावी. टीव्ही बदललाय म्हणून होतंय हे.

ती बंदूक काहीच मारत नाही, ती फक्त बघते. नळीत पुढे एक प्रकाश ओळखणारा छोटा भाग असतो, बस. घोडा ओढला की गेम क्षणभर सगळा पडदा काळा करतो. लगेच पुढच्या क्षणी जिथे बदक होतं तिथे फक्त एक पांढरा चौकोन काढतो. बंदुकीला आधी काळं आणि मग पांढरं दिसलं तर नेम लागला. दोन बदकं असतील तर एकामागून एक दोन चौकोन, कुठल्या क्षणी उजेड दिसला त्यावरून बदक कुठलं ते कळतं. हे सगळं डोळ्याच्या पात्यापेक्षा जलद, आपल्याला नुसती एक लकाकी दिसते.

जुन्या काचेच्या टीव्हीत गेमनं पाठवलेलं चित्र त्याच क्षणी पडद्यावर उमटायचं. नवा टीव्ही आधी ते चित्र आत घेतो, ताणतो, स्वच्छ करतो आणि मग दाखवतो. तेवढ्या उशिरात गेमनं उजेड बघायचं सोडून दिलेलं असतं. म्हणून कॉन्ट्रा चालतो, बंदूक चालत नाही. जुना डब्बा टीव्ही मिळवा.

आणि... आता हे सांगू की नको कळत नाही. तुम्ही पहिला खेळ लावायचात का, एकच बदक उडतं तो?

कोथरूडची कावळी

हो, तोच. का?

निवांत

त्या खेळात दुसऱ्या माणसाच्या हातात साधा रिमोट असेल तर त्याच्या बटणांनी बदक हलवता येतं.

कोथरूडची कावळी

थांबा.

तिखटजाळ

_पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे_

कोथरूडची कावळी

आत्ता फोन केला. आत्तेभाऊ ४४ वर्षांचा आहे, दोन मुलांचा बाप. आधी 'कसलं बदक' म्हणाला. मग पाच सेकंद गप्प. मग हसायला लागला, त्या कुत्र्यासारखाच. म्हणाला, "तुला अजून माहीत नव्हतं?"

तीस वर्षं.

पेठेतला झोपाळू

नियम मोडल्याबद्दल दंड माफ. हे लहानपण नाही, हा गुन्हा आहे.

बावळट बुद्धिबळपटू

कावळीताईंचं सांत्वन म्हणून कॉन्ट्राबद्दल लिहितो. वर वर खाली खाली, डावं उजवं डावं उजवं, बी ए. रिमोटची बटणं या क्रमानं दाबली की ३० लाइफ. हा कोड कोनामी या गेम कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांचा, आधी १९८६ च्या 'ग्रेडियस'मध्ये आला. गेम तपासायचं काम त्यांच्याकडे आणि गेम इतका अवघड की त्यांना स्वतःलाच पार होईना, म्हणून ही पळवाट घातली, ती काढायची राहिली. ज्यानं गेम केला त्यालाच तो जमत नव्हता, यापेक्षा मोठा दिलासा नाही. २०२० मध्ये ते गेले तेव्हा मी ऑफिसात टेबलाखाली बोटांनी तो कोड एकदा म्हटला.

डस्टबिन२

काउंटर स्ट्राइक १.६, दोन टीमांचा बंदुकांचा गेम, आणि त्यातही एकच मॅप (म्हणजे लढायची जागा), डस्ट टू.

टिळक रोडजवळच्या एका सायबर कॅफेत तासाला वीस रुपये... (बाद, बाद, कळलं.) तर मॅप. २००१ चा. मला त्या मॅपइतकं सुबक काही माहीत नाही. दोन्ही टीम दोन टोकांना. बाँब ठेवायच्या जागा दोन. तिथे जायला एक लांब मोठी वाट, एक बोगदा, आणि दोन्हींना जोडणारा मधला रस्ता. असं समजा, लक्ष्मी रोड एकीकडे, कुमठेकर रोड एकीकडे, आणि मध्ये बोळ. मधल्या बोळाचा ताबा ज्याच्याकडे तो कुठेही आधी पोचतो. मोक्याच्या कोपऱ्यावर दोन्ही टीम जवळजवळ एकाच वेळी पोचतात, म्हणून दर डावात पहिली गाठ पडते ती बरोबरीत. मॅप कुणाची बाजू घेत नाही.

दुसरं कारण म्हणजे कान. पळालात की पावलं ऐकू जातात, दबकत चाललात की नाही. म्हणजे घाई आणि गुपित यांतलं एकच मिळतं. आमच्यातला सगळ्यात भारी खेळाडू नेम वाईट असलेला होता. तो फक्त ऐकायचा.

हिशेबनीस

काल रात्री सहज फ्रीसेल लावला. पहिला डाव सुटला नाही. नंबर ११९८२ नव्हता. बायकोसमोर सांगता येत नाही, इथे सांगतो.

फडताळ

@हिशेबनीस, नंबर द्या, मांडून बघते. आणि एक लक्षात ठेवा, रिकाम्या घरापेक्षा रिकामी ओळ मोलाची. चारही घरं भरून टाकायची घाई करू नका.

बाणेरवासी

आपल्या पुण्यातच झालेल्या गेमबद्दल अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. 'राजी : ॲन एन्शंट एपिक', २०२०, नोडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या स्टुडिओचा. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकन होतं. सर्कशीत कसरती करणारी राजी, असुरांनी पळवलेला धाकटा भाऊ गोलू, आणि वरून दुर्गा आणि विष्णू आपसात बोलत गोष्ट सांगतात. दुर्गेला पोरीवर भरवसा, विष्णूला शंका.

मी थ्रीडीचंच काम करतो (तिथे नाही), त्यामुळे मला भिंती दिसतात. यातल्या भिंतींवर आधी हात फिरवावासा वाटतो, मग लढावंसं वाटतं. राजस्थानी वाडे-किल्ल्यांच्या धाटणीच्या कमानी, झरोके, भित्तिचित्रं. मधली कथा बाहुल्यांच्या सावल्यांनी सांगितली आहे. कोडी म्हणजे मंडल, चकत्या फिरवून चित्र जुळवायचं. आणि राजीची हालचाल कसरतपटूचीच आहे : खांबाला गिरकी घेऊन लाथ, भिंतीवर पाय देऊन उलटी उडी. तिच्या धंद्यातून तिची लढाई आलीय, हे मला फार आवडलं.

उणं सांगायचं तर लढाया तिसऱ्या-चौथ्या वेळेला त्याच त्या वाटतात, आणि शेवट एकदम, जेवताना लाइट जावेत तसा. 'आपल्या गावचा' म्हणून गुण वाढवून देत नाही. तरी एकदा खेळाच.

तिखटजाळ

+१. आणि परदेशातल्या लोकांनी आपल्याकडचा गेम केला की काय होतं ते बघायचं तर 'अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी', २०१७. पश्चिम घाटात होयसळांची नगरी, आणि शोधताहेत काय तर गणपतीचा सुळा. माझी आई मागून बघत होती, म्हणाली, "तो मोडलाय ना, मिळणार कुठून?"

मधली सुट्टी

वय २२, बहुतेक इथे सगळ्यात लहान मी. नियम वाचून सुटलोच, मला अजून नॉस्टॅल्जिया फुटला नाहीये.

'आउटर वाइल्ड्स', २०१९. एक छोटी सूर्यमाला, तुमचं एक मोडकं लाकडी यान. २२ मिनिटांनी सूर्य फुटतो, सगळे मरतात, तुम्ही परत शेकोटीपाशी जागे होता. पुन्हा २२ मिनिटं. अख्ख्या गेममध्ये तुम्हाला एकही नवं शस्त्र, नवी शक्ती, जास्तीची लाइफ मिळत नाही. पहिल्या मिनिटाला तुमच्याकडे जे आहे तेच शेवटच्या मिनिटाला. बदलतं ते फक्त तुम्हाला काय माहीत आहे तेवढंच. म्हणजे शेवट सुरुवातीपासून हाताशी असतो, फक्त कुठे जायचं ते माहीत नसतं.

म्हणून तो एकदाच खेळता येतो. कळलं ते विसरता येत नाही. मी मित्राला घ्यायला लावला आणि त्याच्या मागे खुर्ची टाकून आठवडाभर नुसता बसलो. तो चुकीच्या ग्रहावर तासन्‌तास भटकत होता आणि मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी तपश्चर्या आहे ती. याहून जास्त लिहीत नाही, उगाच कुणाचा गेम जायचा.

पेठेतला झोपाळू

@मधली सुट्टी, माझ्या 'प्रिन्स'ची सावली आणि तुझा सूर्य एकाच घराण्यातले वाटतात. घेतो विकत.

क्रिकेट०७

आयडी बघून कळलंच असेल. ईए स्पोर्ट्सचा क्रिकेट ०७. ग्राफिक्स बाद, भारतीय खेळाडूंची नावं मोडकीतोडकी, कारण खरी नावं फक्त इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची. तरी लोक आजही त्यात नवे संघ, नवे कपडे, नवी मैदानं घालून खेळताहेत. ईएनं त्यानंतर क्रिकेटचा मोठा गेमच काढला नाही, मग करणार काय? मार्क निकोलस आणि रिची बेनॉ यांची तीच तीच वाक्यं मला पाठ आहेत. कारण मागू नका, माझ्याकडे नाही. वाईट गेम आहे आणि मी रोज खेळतो.

निवांत

धाग्यातलं सर्वांत प्रामाणिक उत्तर.

चहाबाज

@कावळी, आमच्या वाड्यात माळ्यावर जुना २१ इंची काचेचा टीव्ही आहे. बिल्डर यायच्या आत काढायचाच आहे. दोन माणसं लागतात उचलायला. रविवारी सकाळी संच घेऊन या. चहा माझा.

कोथरूडची कावळी

येते. आत्तेभावालाही आणते. तो रिमोटला हात लावणार नाही, बाकरवडीचा पुडा दोन्ही हातांत धरून बसेल.

फडताळ

मी जवळच राहते. बघायला आले तर चालेल का?

चहाबाज

काकू, विचारताय काय. जिना जरा अरुंद आहे, सावकाश या.

निवांत

कालच्या रविवारचा वृत्तांत, थोडक्यात. टीव्ही खाली आणताना डस्टबिन२ यांचं बोट चेमटलं. चॅनल ट्यून करायला पाऊण तास गेला, नुसती मुंग्यांची लढाई दिसत होती. अडॅप्टरवर ऑम्लेट झालं असतं. मग एकदम ते संगीत लागलं आणि सगळे गप्प झाले. कावळीताईंनी पहिलं बदक पाडलं. दुसरं पाडलं. आत्तेभाऊ कोपऱ्यात पुडा धरून बसले होते. मग ताईंनी बंदूक त्यांच्या हातात दिली आणि स्वतः रिमोट घेतला.

चहाबाज

दहापैकी एकही नाही लागलं त्यांना.

फडताळ

कुत्रा हसत होता, आणि मीही.